वेशीवरची बाई

१ मे रोजी मुलांना निकालपत्रकं वाटली आणि त्याच आठवड्यात मी भाईकडे फ्रान्सला गेले. भाई तुलूझ शहरात नोकरीला आहे. दरवर्षी तो बोलवायचा आणि दरवर्षी काहीतरी आड यायचं. कधी पासपोर्ट, कधी अम्मींचं दुखणं, कधी पैसा. या वेळी योग जुळून आला. पॅरिसच्या मनोऱ्याची मला फारशी हौस नव्हती. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवते. भाईला म्हटलं, "मला एखादा किल्ला दाखव. मुलांना येऊन सांगता येईल."

भाई हसला. म्हणाला, "अगं, किल्ला काय, तटबंदीतलं अख्खं गाव दाखवतो."

अशा रीतीने एका शनिवारी भाई, भाभी, माझी सात वर्षांची भाची आणि मी कारकासोनला निघालो. तुलूझहून आगगाडीचा तासाभराचा प्रवास. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच कालवा. कनाल द्यु मिदी नावाचा हा कालवा सतराव्या शतकात खणला. त्याच्या पाण्यावर होड्या आणि काठाला झाडं. मला आमच्या खाडीची आठवण आली. पण इथलं पाणी माणसाने आखून दिलेल्या रेषेतून चालत होतं. भरती नाही, ओहोटी नाही.

कारकासोन हे एक गाव नाही, दोन गावं आहेत. टेकडीवर तटबंदीतलं जुनं गाव आणि ओद नदीच्या अलीकडे खालचं गाव. खालच्या गावाचे रस्ते पाटीवर पट्टीने रेघा माराव्यात तसे सरळ. कार्नो चौकात शनिवारचा बाजार भरला होता. चेरीचे ढीग, ऑलिव्हच्या बरण्या, बकरीच्या दुधाचं चीज, आणि एका गोणीत पांढऱ्या शुभ्र, लांबट शेंगदाणे असावेत तशा राजम्यासारख्या बिया. भाभी म्हणाली, "याच्याच कासुलेसाठी हे गाव प्रसिद्ध आहे." तिने किलोभर बिया घेतल्या. ऑलिव्ह विकणारी बाई मूळची मोरोक्कोची निघाली. माझी ओढणी बघून तिने आपणहून सलाम केला आणि कागदात मूठभर ऑलिव्ह जास्त टाकले. परक्या मुलुखात सलाम ऐकला की छातीतलं काहीतरी सैल होतं. हे ज्यांनी अनुभवलं असेल त्यांनाच कळेल.

पुढे चौदाव्या शतकातला दगडी पूल लागला. त्याच्या मध्यावर आल्यावर मान वर केली आणि मी तिथेच थांबले. टेकडीवर तटामागे तट, बुरुजामागे बुरुज. एकूण ५२ बुरुज आणि दोन तट मिळून तीन किलोमीटरची भिंत. बुरुजांवर निमुळत्या टोप्या. लहानपणी परीकथेच्या पुस्तकात जो राजवाडा पाहिला होता, तोच कुणीतरी आणून ठेवला आहे असं वाटलं. भाई म्हणाला, "हुरळून जाऊ नकोस. यातलं बरंच एकोणिसाव्या शतकातलं आहे." ते खरंच. १६५९ साली स्पेनशी तह होऊन सरहद्द दक्षिणेला सरकली आणि या किल्ल्याचं महत्त्व संपलं. दगड लोकांनी घरांसाठी नेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकार हे सारं पाडायला निघालं होतं. गावातल्याच एका इतिहासवेड्या माणसाने, क्रो-मेरव्हिएलने, आरडाओरडा केला म्हणून ते वाचलं. १८५३ पासून व्हिओले-ल-द्यूक या वास्तुकाराने दुरुस्ती हाती घेतली. त्याने बुरुजांवर पाटीच्या दगडाच्या टोप्या चढवल्या. त्या या भागातल्या नव्हेत, उत्तरेकडच्या आहेत, म्हणून जाणकार त्याला अजून बोल लावतात. पण सामान्य माणसाला आता त्या टोप्यांशिवाय कारकासोन ओळखू यायचं नाही.

गावाच्या मुख्य वेशीला नारबोनेझ दरवाजा म्हणतात. तिथे पोचलो आणि भाची धावत एका खांबापाशी गेली. खांबावर एका बाईचा दगडी मुखवटा होता. वाटोळा चेहरा, डोक्याला काहीतरी बांधलेलं, ओठांवर किंचित हसू.

"फुफू, ये दाम कारकास हैं! इनका किस्सा सुनाऊँ?"

आणि तिने अर्ध्या उर्दूत, अर्ध्या फ्रेंचमध्ये गोष्ट सांगितली. शाळेत ऐकलेली.

पूर्वी या गावावर सारासेन राजाचं राज्य होतं. सारासेन म्हणजे त्या काळचे ख्रिस्ती लोक मुसलमानांना ज्या नावाने ओळखत ते नाव. राजा बालाक मारला गेला. बादशहा शार्लमेनने गावाला वेढा घातला. पाच वर्षं वेढा चालला. आत माणसं उपासमारीने मेली. राजाची विधवा कारकास एकटी गाव लढवत राहिली. गवताची बाहुली करून तिने तटावर उभी केली, म्हणजे शत्रूला वाटावं पहारा अजून आहे. शेवटी गावात एक डुक्कर आणि एक पोतं गहू उरला. राणीने तो सगळा गहू डुकराला चारला आणि त्याला बुरुजावरून खाली फेकलं. ते फुटलं, पोटातून गहू सांडला. शार्लमेनने कपाळाला हात लावला. ज्या गावात डुकरं गव्हावर पोसली जातात ते गाव उपाशी कसं मरणार? तो वेढा उठवून निघाला. तेव्हा राणीने तहासाठी गावातल्या घंटा वाजवल्या. बादशहाचा माणूस म्हणाला, "कारकास सोन", म्हणजे कारकास घंटा वाजवते आहे. तेच गावाचं नाव झालं.

भाचीने गोष्ट संपवली आणि ती माझ्याकडे बघायला लागली. मी विचारलं, "मुसलमान राणीकडे डुक्कर कुठून आलं गं?" ती जरा अडखळली. मग म्हणाली, "किसी और का होगा।" भाई-भाभी दोघं हसले. मीही हसले.

गोष्ट अर्थातच खोटी आहे. शार्लमेनने या गावाला कधी वेढा घातला नाही. 'कारकासो' हे नाव रोमन काळापासूनचं आहे. खरं आहे ते एवढंच, की ७२५ साली अंदलूसचा सुभेदार अंबसा इब्न सुहैम याने हे गाव तह करून घेतलं आणि ७५९ च्या सुमारास शार्लमेनच्या बापाने, पेपिनने, मुसलमानांना या प्रांतातून हुसकलं. चौतीसेक वर्षांचा कारभार. ती माणसं गेली आणि शेकडो वर्षांनी गावाने त्यांतल्या एका बाईची गोष्ट रचली. नुसती रचली नाही, तिला वेशीवर बसवलं. खांबावरचा मुखवटा ही नक्कल आहे, जुना झिजलेला मुखवटा आत किल्ल्यात जपून ठेवला आहे.

त्या खांबापाशी उभी असताना मला रायगड आठवला.

दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाची सहल घेऊन मी रायगडावर गेले होते. मुलींना हिरकणीची गोष्ट सांगितली. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून अंधारात कडा उतरून गेलेली गवळण. महाराजांनी तिच्या नावाने बुरुज बांधला. मुली भान हरपून ऐकत होत्या. परत येताना एका मुलीने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "मॅडम, इन किस्सों में हम कौन हैं?"

मला धक्का बसला. पण शिक्षकाला गप्प राहता येत नाही. मी तिला नावं सांगितली. आरमारातला दौलतखान, चिटणिशीतला काझी हैदर. ही नावं खरी आहेत, इतिहासातली आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. तिने ती वहीत लिहूनही घेतली. पण तिच्या चेहऱ्यावरचं कोडं सुटलं नाही. घरी आल्यावर मला कळलं की तिने विचारलं होतं एक आणि मी उत्तर दिलं होतं दुसरंच. मी तिच्या हातात दाखला ठेवला होता. दाखला मागणाऱ्याला दाखवायचा असतो. गोष्टीत राहायला त्याचा काय उपयोग?

हे सगळं मनात घेऊन आम्ही वेशीच्या आत शिरलो. अरुंद गल्ल्या, दुकानांत लाकडी तलवारी आणि ढाली. भाचीने ढाल घ्यायला लावलीच. तिकीट काढून आतला किल्ला पाहिला, तटावरून फिरलो. दूरवर द्राक्षमळे आणि त्यांच्यापलीकडे पिरेनीज पर्वत. इथेच १२०९ साली काय घडलं ते तिथल्या फलकांवर लिहिलं आहे. पोपने या भागातल्या 'काथार' पंथाविरुद्ध क्रुसेड पुकारलं. म्हणजे ख्रिस्त्यांनी ख्रिस्त्यांवर काढलेली धर्मयुद्धाची मोहीम. इथला तरुण सरदार रेमों-रोजे त्राँकाव्हेल काथारांना आसरा देत होता, ज्यूंना कारभारात जागा देत होता. आधी बेझिए शहराची कत्तल झाली. मग कारकासोनला वेढा पडला. पाणी संपलं. ऑगस्टमध्ये गाव शरण आलं. लोकांना अंगावरच्या सदऱ्यानिशी बाहेर काढलं. सरदाराला त्याच्याच किल्ल्यात कोंडलं आणि नोव्हेंबरमध्ये तो तिथेच मेला. वय चोवीस.

तटबंदीतल्या सेंट नाझेर चर्चमध्ये रंगीत काचांतून ऊन येत होतं. निळा आणि लाल उजेड फरशीवर सांडला होता. मी ओढणी सावरून एका बाकावर बसले. या चर्चच्या दगडांना १०९६ साली दुसऱ्या अर्बन पोपने आशीर्वाद दिला होता. हाच तो पोप, ज्याने आदल्याच वर्षी मुसलमानांविरुद्ध पहिल्या क्रुसेडची हाक दिली. मनात राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. त्या काचा फारच सुंदर होत्या. ज्याने त्या घडवल्या त्याचं पोट हातावरच असणार.

दोन वाजता भुकेने भाची रडकुंडीला आली. मार्कू चौकात सावलीत टेबलं मांडलेली. प्रत्येक पाटीवर कासुले, कासुले, कासुले. मातीच्या रुंद तोंडाच्या भांड्यात, ज्याला 'कासोल' म्हणतात, पांढऱ्या बिया, बदकाचं मांस, डुकराचे सॉसेज आणि डुकराची कातडी घालून तासन्‌तास मंद आचेवर शिजवायचं. वर साय धरते ती मोडून पुन्हा आत ढकलायची. सात वेळा मोडावी असं म्हणतात. याच गावात जन्मलेल्या प्रॉस्पेर मोंताञे या नामवंत आचाऱ्याने म्हटलं होतं की कास्तेलनोदारीचं कासुले हा पिता, कारकासोनचं पुत्र आणि तुलूझचं पवित्र आत्मा. आपल्याकडे बिर्याणीवरून हैदराबाद आणि लखनौत जसं चालतं तसंच. कास्तेलनोदारीचे लोक सांगतात की इंग्रजांच्या वेढ्यात गावाने होतं नव्हतं ते एका हंड्यात घालून कासुले शोधलं. म्हणजे इथेही वेढा आणि उपासमार! पण ते युद्ध चौदाव्या-पंधराव्या शतकातलं आणि या बिया तर कोलंबसानंतर अमेरिकेतून आल्या. त्याआधी इथले लोक बाकल्याच्या शेंगांतल्या बिया घालत. मिरचीशिवाय आपलं कालवण जसं आपण कल्पू शकत नाही, तशी ही परकी बी आता इथली अस्मिता झाली आहे.

हॉटेलची मालकीण साठीची होती. भाईने फ्रेंचमध्ये सांगितलं, आम्ही डुक्कर खात नाही आणि दुसरं मांसही हलाल नसेल तर नको. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता काय ऐकावं लागणार, याची तयारी मी मनातल्या मनात केली होती. बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खऱ्या काळजीने म्हणाली, "मग आमच्याकडचं तुम्ही खाणार तरी काय?"

आत जाऊन आली ती ब्रांदाद घेऊन. खारवलेला कॉड मासा दिवसभर पाणी बदलत भिजवायचा, उकडायचा, काटे काढायचे आणि ऑलिव्हचं तेल नि दूध थोडं थोडं घालत घोटायचा. लोण्यासारखा मऊ होतो. भाजलेल्या पावावर लावून खायचा. कॉड हा उत्तरेकडच्या थंड समुद्रातला मासा. इकडे तो मीठ लावूनच आला. पहिला घास घेतला आणि मी भाईकडे पाहिलं. भाईही माझ्याकडे बघत होता. नाकात तोच वास. पावसाळ्यात अम्मी मडक्यातून काढायची त्या खाऱ्या माशाचा. चव वेगळी, तिखट नाही, कोकम नाही. पण मीठ तेच. अम्मी तिथे असती तर तिने तव्यावर लसूण-मिरची परतून त्यावर ओतली असती आणि मालकिणीला चाखायला लावलं असतं.

भाईने ते मालकिणीला सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी आईला आणा. मिरची मी आणून ठेवीन."

पोट भरल्यावर आम्ही दोन तटांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात फिरलो. आज तिथे हिरवळ आहे. पूर्वी गरीब विणकरांनी भिंतीला टेकून घरं बांधली होती. किल्ला मूळ रूपात दिसावा म्हणून ती सगळी हलवली. इतिहास स्वच्छ करायचा तर आधी कुणाचं घर हलवलं जातं, हे मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना मी काय सांगावं! आम्ही कोकणी शाफई. प्रवासात जुहर आणि असर एकत्र पढायची मुभा. एका बुरुजाच्या आडोशाला मी आणि भाभीने ओढण्या अंथरल्या. दोन-चार पर्यटक थबकून पुढे गेले. कुणी काही बोललं नाही.

नमाज झाल्यावर मी भाईला विचारलं, "मला इथे शाळेत शिकवता येईल का रे?"

"येईल. पण ओढणी दरवाज्यापाशी ठेवून."

फ्रान्समध्ये २००४ च्या कायद्याने सरकारी शाळेत विद्यार्थ्यांना ठळक धर्मचिन्हं वापरता येत नाहीत. २०२३ पासून मुलींच्या लांब अबायालाही बंदी आहे. शिक्षकांना तर कुठलंच चिन्ह चालत नाही. भाई म्हणाला, "यांचंही एक म्हणणं आहे. चर्चच्या हातून शाळा सोडवायला यांना फार झगडावं लागलं. त्यांना भीती वाटते की एकदा दार उघडलं तर पुन्हा कुणीतरी आत येऊन बसेल." भाभी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "म्हणणं कळतं मला. पण ही मोठी होईल तेव्हा तिला काय घालायचंय ते तिनेच ठरवावं, यांनीही नाही आणि आपणही नाही." मला 'आपणही नाही' हे शब्द लागले. कारण आमच्या शाळेत एखादी मुलगी ओढणी विसरली तर तिला दारात उभं करणाऱ्यांत मीही असते.

बाहेर पडताना पुन्हा वेस आली. भाईने गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. काही ठिकाणी असं सांगतात की तह झाल्यावर राणीने बाप्तिस्मा घेतला आणि बादशहाने आपल्या एका सरदाराशी तिचं लग्न लावून दिलं. मी त्या दगडी चेहऱ्याकडे बघितलं. म्हणजे वेशीवर जागा मिळाली ती अखेर त्यांच्यातली एक होऊन. सकाळी मला वाटलं होतं, केवढ्या मोठ्या मनाचं हे गाव! आता ते मन मला थोडं लहान दिसायला लागलं. मग भाचीला विचारलं, "ही राणी कोणाची गं? यांची की आपली?"

भाचीला प्रश्नच कळला नाही. "फुफू, ये तो हमारी हैं। कारकासोन की।"

तिच्या 'हमारी'त कोण होतं? मुसलमान? फ्रेंच? तिचा वर्ग? तिने तसा हिशेब केलाच नव्हता. तिला गोष्ट पाठ होती म्हणून राणी तिची होती. माझ्या आठवीतल्या मुलीलाही बहुधा एवढंच हवं होतं. हिरकणी तिची आहे, तिला ती पाठ आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. दौलतखानाचं नाव नंतर सांगितलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी भाभीने बाजारातल्या बिया भिजवून, हलालवाल्याकडचं मटण घालून कासुले केलं. साय सात वेळा मोडायला भाचीला बसवलं. चौथ्या वेळी ती कंटाळून झोपली. पुढची तीन मी मोडली.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी आता दहावीत आहे. मी वर्गात कारकास राणीची गोष्ट सांगितली. डुकराच्या ठिकाणी अपेक्षेप्रमाणे गलका झाला. "मॅडम, छू लिया उन्होंने?" मी सांगितलं, गोष्ट खोटी आहे, दुसऱ्यांनी रचलेली आहे, तरी गावाने जपली आहे. मग मी तिला उभं केलं आणि म्हटलं, "आता तू हिरकणीची गोष्ट सांग. मराठीतून."

ती आधी लाजली. मग तिने सांगितली. एका जागी 'कडा' शब्द तिला आठवेना, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी पुरवला. ती सांगत होती तोवर मी खुर्चीवर बसून ऐकत होते. एकदाही मध्ये बोलले नाही.